बाबागाडी घेताय? आधी लिफ्टमधली पाटी वाचा

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली या घडीला चार बाबागाड्या धूळ खात पडल्या आहेत. त्यातल्या तीन ‘फुल साइझ’, आणि एकीच्या दांड्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. गोष्ट सगळ्यांची एकच. बारशाला कुणीतरी हौसेनं दिली, महिनाभर ढकलली, मग “आपल्याकडे रस्ते कुठे आहेत हो असले” म्हणून ठेवून दिली. रस्त्यांना शिव्या घालण्यात मीही मागे नाही. पण या गाड्या जिन्याखाली गेल्या त्या रस्त्यामुळे नव्हे. घेताना कुणी मोजपट्टीच काढली नव्हती.

दोन मुलं, तीन बाबागाड्या आणि कोथरूडच्या गल्ल्यांतली साडेपाच वर्षं एवढं माझं भांडवल. त्यामुळे कुणाच्या घरी पाळणा हलला की फोन मला येतो. आणि दर वेळी प्रश्न तोच: “कुठल्या कंपनीची घेऊ?” अहो, कंपनीचं नंतर बघू. तुमच्या लिफ्टमध्ये किती माणसं मावतात ते आधी सांगा.

लिफ्ट न मोजता गाडी घेणं

ही चूक मी स्वतः केलेली असल्यामुळे तिच्यावर माझा विशेष राग आहे.

पहिल्या वेळी नवऱ्यानं दुकानातून फोन केला. “रुंदी ६३ सेंटिमीटर, आपल्या लिफ्टचं दार ७०. आरामात जाते.” झालं, गाडी घरी आली. राखाडी रंग, मोठी चाकं, दिसायला एकदम राजेशाही. लांबी ९८, हे त्याच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही.

मुलगी चार महिन्यांची असताना लसीसाठी पहिल्यांदा तिला गाडीत घालून निघाले. चौथा मजला. लिफ्टचं बाहेरचं दार ओढून उघडायचं, सोडलं की आपोआप मिटणारं. ते कमरेनं अडवून गाडी आत ढकलली, तर पुढचं चाक मागच्या आरशाला टेकलं आणि मागची चाकं बाहेरच. आडवी करायला आत गाडी फिरेना. बाहेर काढायला गेले तर दार पाठीत. वरून ती लिफ्टमधली बाई एका सुरात “प्लीज क्लोज द डोअर” म्हणत होती, आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका खालून ओरडत होते, “लिफ्ट सोडा हो!” शेवटी वॉचमन वर आला, त्याच्या हातात बाळ दिलं आणि दोन्ही हातांनी गाडीची घडी घातली. लसीची फाइल तोवर लिफ्टच्या फटीतून खड्ड्यात गेली होती.

त्यानंतर गाडी पार्किंगमध्ये राहायला लागली. पावसाळ्यात तिच्यात मांजर व्यायली.

तेव्हा आधी लिफ्टमधली पाटी वाचा. ‘४ व्यक्ती, २७२ किलो’ लिहिलं असेल तर आतली जागा साधारण ११० रुंद आणि फक्त ७० सेंटिमीटर खोल असते. मोठी गाडी त्यात सरळ उभी राहणारच नाही. तळमजल्यावर कुलूप लावून ठेवायला हक्काची जागा असेल तरच तिचा विचार करा. ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’ असेल तर खोली साधारण १०० सेंटिमीटर. इथे हँडल आत सरकवून गाडी किती लांब भरते, त्यावर सगळं अवलंबून. ‘८ व्यक्ती, ५४४ किलो’ म्हणजे ११० खोल आणि दार ८० चं. तुम्ही नशीबवान आहात, पुढच्या मुद्द्यावर जा. जुन्या इमारतींत यातही फरक निघतो, म्हणून पाटी वाचून झाल्यावर मोजपट्टीही लावाच.

मी काय करते सांगते. वर्तमानपत्रं चिकटवून गाडीच्या लांबीरुंदीचा कागद करते, लिफ्टमध्ये अंथरते आणि त्यावर पाय न देता मला उभं राहता येतंय का बघते. गाडी मावली आणि आई बाहेर राहिली, असं व्हायला नको. शेजारचे हसतात. हसू देत. तोच कागद मग फ्लॅटच्या सेफ्टी डोअरमधून आणि कोपऱ्यावरच्या फुटपाथवर दुचाकी अडवायला ठोकलेल्या पाइपांमधूनही नेऊन बघते. आमच्या कोपऱ्यावरच्या दोन पाइपांमध्ये ५८ सेंटिमीटर जागा आहे. म्हणजे ६३ ची गाडी घेऊन रोज रस्त्यावर उतरायचं, समोरून रिक्षा.

दुकानातल्या टाइल्सवर रिकामी गाडी ढकलून बघणं

गुळगुळीत फरशी, एसी आणि गाडीत कुणी नाही. अशी तर भाजीची ट्रॉलीसुद्धा लोण्यासारखी चालते.

दुकानात जाताना घरून दहा किलो तांदळाची पिशवी घेऊन जा. विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा होतो, पण त्याकडे लक्ष देऊ नका. पिशवी सीटवर ठेवून पट्टा लावा आणि एका हातानं गाडी वळवून बघा, कारण दुसऱ्या हातात कायम काहीतरी असणार आहे: फोन, छत्री, नाहीतर मोठं पोर. मग दुकानाबाहेर या आणि फुटपाथवर चढवून बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानुसार फुटपाथची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. आमच्या गल्लीतला मी मोजलाय, २४ आहे. हँडल दाबलं की पुढची चाकं हलकेच उचलली गेली पाहिजेत. त्यासाठी सगळं अंग टाकावं लागत असेल तर ती गाडी रोजच्या वापराची नाही.

चाकांबद्दल माझं मत ठाम आहे. पुढची जोडचाकं, लहान आणि कडक प्लॅस्टिकची, पेव्हर ब्लॉकच्या फटीत आणि गटाराच्या जाळीत हमखास अडकतात. गाडी जागच्या जागी थांबते आणि बाळ पट्ट्यावर आपटतं. मोठं, एकेरी, रबरी किंवा फोमचं चाक घ्या. हवा भरायची चाकं खड्ड्यांवर सगळ्यात मऊ चालतात हे खरं, पण आमच्या पहिल्या गाडीची ट्यूब कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं दोन सेकंदांत फोडली. तेव्हापासून हवा घरच्या सायकलच्या पंपानं, टायरवर लिहिलेला आकडा बघून. एवढा उपद्व्याप नको असेल तर फोम.

हँडलला पिशव्या लटकवणं

ही माझी दुसरी लाडकी चूक, आणि सगळ्यात धोक्याची. यासाठी खास हूक मिळतात, आणि लोक ते हौसेनं घेतात. माझे मी कचऱ्यात टाकले.

कर्वे पुतळ्यापाशी भाजी घेतली होती. दोन किलो बटाटे, दोन किलो कांदे, एक नारळ. सगळं हँडलला. मुलगी गाडीत होती तोवर काही कळलंच नाही, कारण तिचं आठ किलो वजन पुढून तोलून धरत होतं. घराच्या दारात तिला उचलून कडेवर घेतलं, आणि गाडी धाडकन मागे आडवी झाली. नारळ गडगडत गेला तो थेट पार्किंगमध्ये. मी हसले. बाळ कडेवर होतं, हसायला काय जातंय.

पुढच्याच महिन्यात जावेच्या बाबतीत बाळ गाडीतच होतं. त्यांच्या सोसायटीचा रॅम्प खडा, गाडी चढावर, हँडलला डायपरची भरलेली बॅग आणि दुधाच्या पिशव्या. किल्ली काढायला तिनं क्षणभर हात सोडला. पाच ठिकाणी बांधणारा पट्टा नीट लावलेला होता म्हणून पोर सीटमध्येच राहिलं, डोकं जमिनीवर आपटलं नाही. त्या दिवसापासून जाऊ माझं ऐकते. एरवी ऐकत नाही.

कारण साधं आहे. हँडल मागच्या चाकांच्याही वीतभर मागे असतं. तिथलं ओझं म्हणजे तराजूचं दुसरं पारडं: एकीकडे बाळ, दुसरीकडे बटाटे. चढावर तर तोल आणखी मागे सरकतो. जड सामान खालच्या टोपलीत, तेही पुढच्या बाजूला. बाकीचं आपल्या पाठीवरच्या सॅकमध्ये. गाडी बघतानाच खालची टोपली नीट बघा. सीट आडवी केल्यावर तिच्यात हात जातो का? कित्येक महागड्या गाड्यांत जात नाही.

डिकीत मावेल असं गृहीत धरणं

तुमची गाडी सीएनजीची आहे का? मग डिकी तुमची नाही, सिलिंडरची आहे. हे लक्षात यायला लोकांना बाबागाडी घ्यावी लागते. दुकानाच्या पार्किंगमध्येच घडी घालून डिकीत ठेवून बघा. आणि ‘एका हातानं घडी’ असं विक्रेता म्हणतो तेव्हा त्याच्या गुडघ्याकडे बघा, अर्धं काम तोच करत असतो. रिक्षानं फिरत असाल तर दहा-बारा किलोची ती घडी तुमच्याच मांडीवर येणार, हेही धरून चाला.

चपलेत ब्रेक न तपासणं

दुकानात आपण बूट घालून जातो, रोज मात्र चपलेत फिरतो. काही गाड्यांचा ब्रेक सोडायला पट्टी पायाच्या वरच्या बाजूनं उचलावी लागते. उघड्या बोटांनी ती चार दिवस उचलून बघा, पाचव्या दिवशी तुम्ही ब्रेक लावणंच सोडाल. दाबून लागणारा आणि दाबूनच सुटणारा ब्रेक घ्या.

उन्हात ओढणीनं गाडी झाकणं

हे बघितलं की मी रस्त्यात अनोळखी बायकांनासुद्धा टोकते. २०१४ साली स्वीडनमधल्या ‘स्वेन्स्का दागब्लादेत’ या वृत्तपत्रानं बाबागाडी उन्हात ठेवून पाहिली होती. उघड्या गाडीत २२ अंश, आणि पातळ कापड टाकल्यावर तासाभरात ३७. ते स्वीडन होतं. आपल्या एप्रिलचा हिशोब तुम्हीच करा. टप खोल, खाली गुडघ्यापर्यंत येणारा आणि मागून जाळीची खिडकी असलेला हवा. काळं कापड फोटोत छान दिसतं, पण दुपारी तव्यासारखं तापतं. मच्छरदाणी मात्र गाडीच्या मापाची जरूर घ्या. डेंग्यूचा डास दिवसा चावतो.

सीट किती उंच आहे याकडे कुणी बघतच नाही. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये म्हटलं होतं की बाबागाडीतलं बाळ मोठ्या माणसाच्या तुलनेत ६० टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषण श्वासात घेऊ शकतं, कारण ते गाड्यांच्या धुराड्यांच्या उंचीवर असतं. पौड रोडच्या सिग्नलला उभं राहून खाली वाकून एकदा श्वास घ्या. मोठ्या गाडीचा मला दिसणारा सगळ्यात मोठा फायदा हाच, सीट वर असते. तरीही सिग्नलला मी गाडी पुढे दामटत नाही, चार पावलं मागे थांबते.

बाकीच्या पटकन सांगते. बाळ स्वतः बसायला लागेपर्यंत पाठ पूर्ण सपाट टेकेल अशीच सीट हवी. “थोडी तिरकी चालते” म्हणणाऱ्या काकूंना नमस्कार करा आणि पुढे जा. बिजागऱ्यांत बोट जातंय का ते स्वतःचं बोट घालून बघा. २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लॅरेन या बाबागाड्यांच्या कंपनीला सुमारे दहा लाख बाबागाड्यांसाठी बिजागऱ्यांची आवरणं द्यावी लागली होती, कारण बारा मुलांच्या बोटांची टोकं तुटली होती. कापड निघून धुता येत नसेल तर घेऊ नका, पावसाळ्यात बुरशी धरते. हँडलवरचं रेक्झिन वर्षभरात सोलतं. फोमही बाळ कुरतडतं, पण तो बदलता येतो. आणि दहा मिनिटांत ‘टॉप फाइव्ह’ सांगणाऱ्या रील्सवरून गाडी मागवणाऱ्यांना मी आता सल्ला देत नाही. त्यांची गाडी मी पुढे अर्ध्या किमतीत विकून देते.

चाक कुरकुरायला लागलं की घरातली मोठी माणसं खोबरेल तेल आणतात. आमच्याकडे सासूबाईंनी घातलं. ऑक्टोबरात उत्तम चाललं. डिसेंबरात पुण्याची थंडी पडली, तेल बाटलीत गोठलं तसं चाकातही गोठलं, आणि वर धूळ बसून त्याचं खापर झालं. आता मी महिन्यातून एकदा चाकं काढते, आत गुंडाळलेले केस आणि दोरे चिमट्यानं ओढते, ओल्या फडक्यानं पुसते आणि सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा मारते. केस किती निघतात ते बघून दर वेळी वाटतं, आपल्या डोक्यावर उरलेत तरी किती.