टू-स्ट्रिंग तपासा, पण छापून
जावा या प्रोग्रामिंग भाषेत ओळ छापणाऱ्या प्रिंटएलएनला ऑब्जेक्ट, समजा तिकीट, दिला की प्रिंटएलएन स्वतःच टू-स्ट्रिंग, म्हणजे ऑब्जेक्टचा मजकूर बनवणारी मेथड, बोलावतो. ती आपण लिहिलेली नसेल, तर ‘दादर ते ठाणे’ऐवजी ‘तिकीट@’ आणि पुढे अंक-अक्षरांची माळ उमटते. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात हे एकदा थेट ग्राहकाच्या पावतीवर गेलं, फार वाईट वाटलं. तेव्हापासून टेस्टमध्ये मी सिस्टम-डॉट-सेटआउटने आउटपुट बाइट-अ‍ॅरे-आउटपुट-स्ट्रीमकडे, म्हणजे मेमरीतल्या साठ्याकडे, वळवते, ऑब्जेक्ट खरोखर छापते आणि हाती आलेली ओळ ताडून पाहते. मूळ स्ट्रीम ‘फायनली’मध्ये, म्हणजे टेस्ट फसली तरी चालणाऱ्या भागात, परत लावायचाच, नाहीतर पुढच्या टेस्टचं आउटपुटही तिकडेच जातं. ओळीचा शेवट विंडोज आणि लिनक्सवर वेगळा असतो, तुलनेत लाइन-सेपरेटर, म्हणजे त्या त्या सिस्टमचं ओळ संपवणारं चिन्ह, वापरा. आणि प्रवाशाचं नाव नल, म्हणजे काहीच न दिलेलं, ठेवूनही एकदा छापा: एरर येत नाही, नावाच्या जागी ‘नल’ छापलं जातं.