हाफ डॉलरच्या बॉक्समधून चांदी कशी वेचावी

अमेरिकेतल्या बँकेतून हाफ डॉलरचा अख्खा बॉक्स घेतला की त्यात २० नाण्यांचे ५० रोल येतात. म्हणजे हजार नाणी, ५०० डॉलर आणि जवळजवळ साडेअकरा किलो वजन. नाणी तपासायची, चांदीची बाजूला काढायची, उरलेली बँकेत भरायची, एवढाच हा उद्योग. काहीच सापडलं नाही तरी ५०० चे ५०० परत मिळतात. जातो तो वेळ, गाडीचं पेट्रोल आणि कुठे बँकेचं शुल्क असलं तर तेवढं. नाणी ओळखायला अर्ध्या तासात शिकता येतं. खरी कसरत आहे ती बॉक्स मिळवण्याची आणि त्याहून जास्त, तपासलेली नाणी खपवण्याची.

आधी सालं पाठ करा. १९६४ पर्यंतच्या नाण्यात ९० टक्के चांदी असते. त्यांचे नमुने या नावांनी ओळखले जातात: बार्बर (१८९२ ते १९१५), वॉकिंग लिबर्टी (१९१६ ते १९४७), फ्रँकलिन (१९४८ ते १९६३) आणि १९६४ चा केनेडी. १९६५ ते १९७० चे केनेडी ४० टक्के चांदीचे. १९७१ पासून चलनातल्या नाण्यात चांदी नाही. आत निव्वळ तांबं आणि दोन्ही बाजूंना तांबं-निकेलचा थर. नाण्यावर केनेडींचा चेहरा नसेल तर ते बहुतेक चांदीचंच, पण स्मारक नाण्यांचा अपवाद लक्षात ठेवा. १९८६ चा स्वातंत्र्यदेवतेचा हाफ डॉलर जुना आणि भारी वाटतो, पण त्यात चांदीचा कण नाही.

बॉक्समध्ये ४० टक्केवाली नाणीच जास्त हाती लागतात. १९६४ ची नाणी डेन्व्हर आणि फिलाडेल्फिया या दोन टांकसाळी मिळून ४२ कोटींहून अधिक पाडली गेली, पण केनेडींची आठवण म्हणून आणि चांदीसाठी लोकांनी ती तेव्हाच घरात ठेवली. १९६५ नंतरची नाणी वरवर आजच्यासारखीच दिसतात, म्हणून पुष्कळांच्या नजरेतून सुटली. ४० टक्केवाल्यांत १९७० चं, डी खुणेचं (म्हणजे डेन्व्हर टांकसाळीचं) नाणं दिसलं तर ते ढिगात टाकू नका. ते चलनासाठी पाडलंच नव्हतं; संग्राहकांच्या संचांसाठी सुमारे साडेएकवीस लाखच निघाली.

आता प्रत्यक्ष तपासणी. टेबलावर जाड टॉवेल अंथरा, म्हणजे एखादं प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेलं आरशासारखं चकचकीत नाणं निघालं तर त्यावर चरे पडणार नाहीत. रोल मधोमध टेबलाच्या कडेवर आपटला की कागद फाटतो. वीसच्या वीस नाणी चळतीतच आडवी धरा आणि दिव्याखाली कडा बघा. साध्या नाण्याच्या कडेवर मधोमध तांबूस रेघ स्पष्ट दिसते. ९० टक्केवालं त्या रांगेत पांढरं उठून दिसतं, ते चुकत नाही. फसवतं ते ४० टक्केवालं. त्याच्या गाभ्यातही तांब्याबरोबर सुमारे २१ टक्के चांदी असते, त्यामुळे कडा राखट दिसते आणि कधी तिच्यावर फिकट तपकिरी झाक असते. घाईत ती तांब्याचीच रेघ वाटते. उलट काही साध्या नाण्यांच्या कडेवर वरचा थर ओघळल्यासारखा पसरलेला असतो आणि रेघ झाकली जाते. म्हणून सुरुवातीच्या काही बॉक्समध्ये प्रत्येक नाण्याचं सालच वाचा. केनेडीवर ते खाली, गळ्याच्या तळाशी असतं. डोळा बसला की मग कडेवर भागवा, आणि शंका आली की पुन्हा साल.

वजनकाट्याचा फार भरवसा धरू नका. ९० टक्केवालं १२.५० ग्रॅम, ४० टक्केवालं ११.५० आणि साधं ११.३४. शेवटच्या दोघांत फरक ०.१६ ग्रॅमचा, आणि टांकसाळीतून निघतानाच वजनात याहून जास्त इकडेतिकडे चालतं. वर झीज वेगळीच. काटा ९० टक्केवाल्यापुरता उपयोगी, पण तिथे मुळात त्याची गरज पडत नाही.

एस खुणेची, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची नाणी वेगळी काढा. १९६८ पासून टांकसाळीची खूण पुढच्या बाजूला, साल आणि गळा यांच्या मध्ये येते (१९६४ ला डेन्व्हरची डी मागे, गरुडाच्या पायापाशी होती). १९६८ ते १९७० ची एस नाणी ४० टक्के चांदीची. त्यानंतरची बहुतेक साधी, पण १९९२ पासून प्रूफ संच साधे आणि चांदीचे असे दोन्ही निघतात. तिथे निकाल कडेवर लावायचा. १७७६–१९७६ अशी दुहेरी तारीख असलेलं नाणं पाहून उडी मारू नका. फक्त एस खुणेच्या काही नाण्यांत ४० टक्के चांदी आहे, बाकी सगळी साधी. १९८७ ची आणि २००२ ते २०२० ची पी (फिलाडेल्फिया) आणि डी खुणेची नाणी चलनात सोडलेली नव्हती. कोरी असतील तर दर्शनी किमतीहून थोडं जास्त देणारा भेटतो. सोन्याचा मुलामा दिलेले किंवा रंगवलेले केनेडी मात्र सरळ परतीच्या ढिगात.

बँकेत खातं असावं, नाहीतर दारातच नकार मिळतो. खिडकीवरच्या टेलरपेक्षा (रोखपालापेक्षा) हेड टेलरला विचारा, कारण व्हॉल्टची, म्हणजे शाखेच्या तिजोरीसाठी नाणी-नोटा मागवण्याची ऑर्डर सहसा त्याच्या हातात असते. ठरलेल्या वाराला ती ऑर्डर जाते आणि पुढच्या खेपेला बॉक्स येतो. काही बँका बॉक्समागे शुल्क लावतात. ते जास्त असेल तर ती शाखा सोडा, कारण एखाददुसऱ्या ४० टक्केवाल्या नाण्याची कमाई शुल्कातच संपते. त्याच वेळी शाखेत लोकांनी हाताने गुंडाळलेले रोल किंवा टेलरच्या खणात सुटे हाफ डॉलर पडलेत का, हेही विचारा. असे रोल म्हणजे अनेकदा कुणाच्या तरी आजोबांचा डबा असतो, आणि यंत्राने गुंडाळलेल्या बॉक्सपेक्षा त्यात चांदी लागण्याची आशा जास्त. बॉक्समधले सगळे रोल झळाळते आणि एकाच अलीकडच्या सालाचे दिसले तर वेळ दवडू नका.

परत करायची बँक वेगळी असावी. जिथून आणलं तिथेच भरलं तर तीच नाणी फिरून तुमच्याच पुढच्या बॉक्समध्ये येतात, आणि हजार नाणी मोजणारे कर्मचारी तुमची दुसरी ऑर्डर घ्यायला तयार होत नाहीत. भरायला जाण्याआधी विचारून घ्या: नाणी सुटी चालतील की रोल करून, रोलवर खाते क्रमांक लिहायचा का. मोजणीयंत्र असेल तर ते हाफ डॉलर घेतं का, हेही. बरीच यंत्रं घेत नाहीत किंवा अडकतात. रोलमध्ये बरोबर २० नाणी हवीत. एकदा १९ निघालं की पुढच्या वेळी प्रत्येक रोल फोडून मोजतात. पाहिलेल्या नाण्यावर मार्करने खुणा करणारे असतात. ते करू नये, पुढच्याला घाण आणि बँकेला वैताग.

रोख व्यवहार एका दिवसात १०,००० डॉलरच्या वर गेला तर बँकेला सरकारकडे अहवाल द्यावा लागतो. तो नेहमीचा कागद आहे. तो टळावा म्हणून रक्कम मुद्दाम तुकड्यांत भरणं मात्र गुन्हा आहे.

हाती आलेल्या चांदीचा हिशेब सोपा: ९० टक्केवाल्यात ०.३६१७ ट्रॉय औंस (चांदीचा भाव ज्यात सांगतात ते माप) शुद्ध चांदी, ४० टक्केवाल्यात ०.१४७९; त्या दिवसाच्या भावाने गुणा. दुकानदार ४० टक्केवाल्यावर जास्त कापतो, कारण तेवढीच चांदी काढायला जास्त धातू गाळावा लागतो. म्हणून दोन्ही ढीग वेगळे विका, एकत्र भाव ठरवू देऊ नका. आणि विकण्याआधी नाणी घासूनपुसून चकाचक करू नका. बार्बर किंवा जुन्या वॉकिंग लिबर्टीला चांदीपेक्षा जास्त मोल असू शकतं, आणि पॉलिश लागलं की संग्राहक ते देत नाही.