रक्तातील शर्करायुक्त लिपिडांचे मोजमाप : नमुन्यापासून आकड्यापर्यंत

ग्लुकोज हिमोग्लोबिनप्रमाणे लिपिडांनाही एन्झाइमशिवाय चिकटते. मात्र त्यासाठी लिपिडावर मोकळा अमिनो गट लागतो. म्हणून येथे मुख्य लक्ष्य फॉस्फॅटिडिलइथॅनॉलामाइन, म्हणजे पीई, हे असते. फॉस्फॅटिडिलकोलीनवर असा गट नसतो. ग्लुकोसिलसेरामाइड शरीर एन्झाइमद्वारे मुद्दाम घडवते, तेव्हा त्याची गल्लत येथे करू नये.

संमतीपत्र आणि नैतिकता समितीची परवानगी मिळाल्यावर रक्त रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या ईडीटीए नळीत घ्यावे. काणकोण किंवा पेडणे येथून नमुना पणजीकडे आणायचा असल्यास प्लाझ्मा तिथेच सेंट्रिफ्यूजवर वेगळा करून बर्फात पाठवावा, कारण न फिरवलेले रक्त थंडीने गोठून बर्फ झाले की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्या पटलातील पीई प्लाझ्मात मिसळते. साठवण उणे 80 अंश सेल्सिअसवर करावी. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत थंड कुपी उघडताच आत दव धरते, म्हणून मोजण्याआधी कुपी बंद ठेवूनच डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद पात्रात) खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.

काचेच्याच भांड्यांत क्लोरोफॉर्म व मिथेनॉल 2:1 प्रमाणात घेऊन, त्यात ऑक्सिडीकरण रोखणारे थोडे बीएचटी आणि अंतर्गत मानक, म्हणजे तुलनेसाठी ठरावीक मात्रेत घातलेले द्रव्य, म्हणून शर्करायुक्त 17:0/17:0 पीई घालावे (17:0 म्हणजे 17 कार्बनचे, दुहेरी बंध नसलेले मेदाम्ल). मिठाच्या पाण्याने थर वेगळे झाल्यावर खालचा क्लोरोफॉर्मचा थर घ्यावा. खरा धोका माझ्या मते येथेच आहे: ग्लुकोज वरच्या थरात राहते आणि तो थर चुकून थोडा जरी सोबत आला, तर द्रावक उडवताना ग्लुकोज व पीई एकत्र दाट होतात आणि नळीतच एकमेकांना चिकटू शकतात. प्रयोगशाळेत मानक बनवताना पीई व ग्लुकोज मिथेनॉलमध्ये तापवतात, हे ध्यानात घेतले म्हणजे धोका उमगतो. म्हणून खालचा थर पुन्हा धुवावा आणि नायट्रोजनखाली न तापवता सुकवावा.

शंका फेडण्यासाठी एका नमुन्यात सुरुवातीलाच सहाही कार्बन कार्बन-13 ने चिन्हांकित असलेले, म्हणून 6 ने जड, ग्लुकोज घालावे. मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे आयनांचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, 884.6 ला (पुढे दिलेल्या 878.6 पेक्षा 6 ने जड) शिखर दिसले, तर ती साखर नळीत चिकटली आहे, रुग्णाच्या शरीरात नव्हे.

यंत्रात जाण्याआधी लिपिडे वेगळी करणाऱ्या सी-18 स्तंभावर शर्करायुक्त पीई तशाच मेदाम्लांच्या साध्या पीईपेक्षा किंचित आधी बाहेर पडते. धन आयन पद्धतीत 16:0/18:2 पीई 716.5 वर, तर शर्करायुक्त रूप 162 ने जड होऊन 878.6 वर येते. तुटताना ते 303 चा तुकडा गमावते, त्यात शर्करेचे 162 व फॉस्फोइथॅनॉलामाइनचे 141 असतात, म्हणून 878.6 पासून 575.5 हे संक्रमण, म्हणजे मूळ आयन व त्याचा उरलेला तुकडा यांची जोडी, मोजण्यासाठी निवडावे. शर्करायुक्त रूपाच्याच वेळेला 716.5 चेही शिखर दिसल्यास आयन-स्रोत (यंत्राचा आयन बनवणारा भाग) जास्त तापला आहे असे समजून तापमान व व्होल्टेज कमी करावे. प्लाझ्मालोजेन पीई (एक मेदसाखळी ईथर बंधाने जोडलेले पीई) याच नियमाने तुटत नसल्याने त्यांची संक्रमणे स्वतंत्र ठरवावीत.

निकाल लिहिताना केवळ सांद्रता न देता शर्करायुक्त पीईचे एकूण पीईशी असलेले प्रमाणही द्यावे, कारण ज्याच्या रक्तात लिपिडच अधिक त्याचा आकडा साखर सारखीच असतानाही मोठा दिसतो.