पाणी लवकर कशाने वाळतं? मे महिन्यात घरीच करून पाहा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो आणि हवा कोरडी ठणठणीत. बाष्पीभवन समजून घ्यायला याहून चांगली प्रयोगशाळा मिळायची नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, दोन एकसारखी स्टीलची ताटं, एक मोठा पेला, एक मोठं पातेलं आणि वही एवढं पुरे. 1 मिलिलिटर पाण्याचं वजन जवळपास 1 ग्रॅम असतं, त्यामुळे किती पाणी उडालं ते काट्यावरच दिसतं. ताट ठेवलं की काट्याचा आकडा झाकला जातो, म्हणून मध्ये वाटी उपडी ठेवा आणि तिच्यावर ताट.

नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ताट उन्हात आणि पेला सावलीत ठेवलात, तर फरक कशामुळे पडला हे कोण सांगणार?

1. पसारा. एका ताटात आणि पेल्यात प्रत्येकी 200 ग्रॅम पाणी घ्या, सावलीत शेजारी ठेवा, तासाभराने वजन करा. 28 सेंटिमीटर व्यासाच्या ताटात पाणी 7 सेंटिमीटर तोंडाच्या पेल्यापेक्षा 16 पट जागेत पसरतं, आणि वाफ होते ती वरच्या थरातूनच. घट मात्र बरोबर 16 पट येणार नाही. पेल्याच्या उंच कडा वारा अडवतात, शिवाय ताटातलं पाणी लवकर गार होतं. आपल्याकडे बिबडे (ज्वारीचे पापड) पातळ पसरतात ते यासाठीच.

2. ऊन. आता दोन्ही ताटांत सारखं पाणी. एक उन्हात, एक सावलीत. पाणी तापलं की त्याचे रेणू जोरात हलतात आणि निसटतात. इथला निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक असतो.

3. वारा. सगळं श्रेय उन्हाला देण्याची आपल्याला सवय आहे, म्हणून हा प्रयोग टाळू नका. दोन्ही ताटं खोलीत ठेवा, पण एकावरच टेबल फॅन सोडा. पंखा फार जवळ नको. सांडलेलं पाणीही काट्यावर ‘उडालेलं’च दिसेल. पाण्यालगत दमट हवेचा पातळ थर साचतो. वारा तो हटवतो आणि कोरडी हवा आणतो. दोन्ही ताटांत बोट बुडवा: पंख्याखालचं पाणी गार लागेल. 1 ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,400 ज्यूल उष्णता लागते, आणि त्यातली बरीचशी उरलेल्या पाण्यातूनच जाते.

4. दमटपणा. एका ताटावर पातेलं उपडं घाला, दुसरं उघडं ठेवा. आतली थोडीशी हवा वाफेने भरली की पाणी जवळजवळ उडेनासं होतं.

5. द्रव कोणता? मनगटावर पाणी, स्पिरिट आणि खोबरेल तेल यांचा एकेक थेंब ठेवा. स्पिरिटचे रेणू एकमेकांना पाण्याइतके घट्ट धरत नाहीत, म्हणून ते आधी जातं. तेल तसंच राहतं. हे करताना जवळ गॅस पेटलेला नको.

आता कूलरकडे वळा. वाळ्याच्या ताट्या हे त्यातलं ताट, पंखा हा वारा. खोली बंद ठेवलीत तर तुम्ही पातेल्याखालीच बसलात, म्हणून समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. जुलैत हवाच दमट असते. तेव्हा पंप बंद करा आणि नुसता पंखा चालू द्या.