वंशावळ खालून वर काढावी

दादाने गावच्या घराच्या ओसरीत वंशवृक्ष रंगवून घेतला, त्याला सहा वर्षं झाली. बुंध्याशी सिंदखेडचे लखुजीराजे जाधवराव, शेंड्याला दादाचा नातू. एका गृहस्थांनी 11 हजार रुपये घेऊन ही वंशावळ 'शोधून' दिली होती. लखुजीराजांपासून दादापर्यंत दहा नावं.

मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे माझी बोटं आपोआप मोजायला लागली. 1629 साली देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाही दरबारात लखुजीराजांना दगा झाला. त्यांच्याबरोबर अचलोजी, राघोजी हे मुलगे आणि यशवंतराव हा नातूही मारला गेला. म्हणजे तिसरी पिढी तेव्हाच दरबारात जाण्याएवढी मोठी होती. दादाचा जन्म 1955चा. मधल्या सात टप्प्यांत 326 वर्षं बसवायची, तर प्रत्येक बापाला मुलगा 47व्या वर्षी व्हायला हवा. आमच्या आजोबांचं लग्न सतराव्या वर्षी झालं होतं.

तेव्हा कोणीही वंशावळ हातात दिली की आधी हा हिशोब करा. एका पिढीला 25 ते 30 वर्षं धरायची. माझ्या वयाच्या माणसापासून पानपतावर लढलेल्या पूर्वजापर्यंत नऊ-दहा नावं लागतात, लखुजीराजांपर्यंत पंधराच्या आसपास. नावं फारच कमी असतील तर मधली गळाली आहेत किंवा वरची चिकटवली आहेत.

दुसरी गोष्ट आडनावाची. जाधव हे आडनाव महाराष्ट्रात कितीतरी जातींत आहे, आणि इतिहासात नाव झालेले जाधवही एक नाहीत. सिंदखेडचे आहेत, वाघोलीचे पिलाजीराव आहेत. आडनाव सारखं म्हणून घराणं सारखं होत नाही. देवक आणि कुलदैवत पडताळून पाहा. ते जुळलं नाही तर तिथेच थांबायचं. जुळलं म्हणून नातं सिद्ध होतं असंही नाही, फक्त पुढे शोधायला हरकत नसते. गावच्या वेशीवरच्या वीरगळाचंही, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेल्या दगडाचंही, तसंच. त्यावर बहुधा नाव नसतं, त्यामुळे तो ज्याला हवा त्याचा पूर्वज होतो. आमच्या गावात एकाच वीरगळावर तीन भावक्या हक्क सांगतात.

आता कामाला कुठून लागायचं? स्वतःपासून. आधी वही घ्या आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे जा. पुरुषांकडे नंतर. पुरुष पराक्रम सांगतात, बायका कोण कोणाच्या पाठचं, कोण दत्तक गेलं, कोणाची दुसरी बायको कुठल्या गावची, हे सांगतात. माझी आत्या तेव्हा 88 वर्षांची होती. तिला तारखा विचारून उपयोग नव्हता, पण 'प्लेगात गेला तेव्हा आजी पोटुशी होती का' असं विचारलं की चोख उत्तर यायचं. घरातले जुने हंडे, घागरी, परात उलटी करून बघा. लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. देव्हाऱ्यातले पूर्वजांचे टाक मोजा. श्राद्धाला गुरुजी बाप, आजा, पणजा अशी तीन पिढ्यांची नावं विचारतात, आईच्या माहेरचीही विचारतात. ती यादी कोणाकडे तरी लिहिलेली सापडते.

मग सरकारी कागद. शाळेचं जनरल रजिस्टर चांगलं, पण त्यातल्या जन्मतारखेवर हात ठेवून शपथ घेऊ नका. एक जून ही तारीख आम्ही मास्तर लोकांनीच वाटलेली आहे. तहसीलमधलं जन्ममृत्यूचं जुनं रजिस्टर, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ते जास्त भरवशाचं. त्यात बाळाचं नाव बहुधा नसतंच, कारण नोंद बारशाआधीची. नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी', बापाचं नाव, जात आणि तारीख. म्हणून तिथे बापाच्या नावाने शोधावं लागतं. जमिनीचे जुने फेरफार सर्वांत उपयोगी. खातेदार मेला की वारसनोंद होते, आणि एका ओळीत पाच भाऊ, दोन विधवा सापडतात. स्कॅन झालेले जुने उतारे काही तालुक्यांचे 'आपले अभिलेख'वर मिळतात, बाकी नकलेचा अर्ज करायचा आणि वाट बघायची. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी ही दप्तरं तपासली जाऊ लागल्यावर एक फायदा झाला. मोडी वाचणारी माणसं तालुक्याच्या गावालाही सापडू लागली.

त्याच्या वर जायचं तर नाशिक-त्र्यंबकेश्वर. तिथले तीर्थोपाध्याय यजमानांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून आहेत. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की तुमचे उपाध्याय कोण ते घाटावर कोणीही सांगतं. जाताना खात्रीची किमान तीन नावं घेऊन जा आणि आपलं हस्ताक्षरही ठेवून या, वही त्यानेच वाढते. आमच्याकडे, म्हणजे सातारा-सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात, हेळवीही येतो. सुगीनंतर दारात उभा राहून तो घराण्याची नावं म्हणतो. त्याला पसाभर धान्य देऊन वाटेला लावू नका. बसवा, चहा द्या, वही उघडायला सांगा. फक्त एक पथ्य पाळा: तुमच्या भिंतीवरची नावं त्याला आधी ऐकवू नका.

मोडी स्वतः शिका. पुराभिलेख विभागाचे छोटे वर्ग होतात, भारत इतिहास संशोधक मंडळातल्या जाणकारांकडेही वाट सापडते. मी बासष्टाव्या वर्षी शिकले. अक्षरं पंधरा दिवसांत येतात, वाचन यायला वर्ष लागतं. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, हे दोन शब्द ओळखता आले की अर्धी वंशावळ तिथेच असते. नातवाला आजोबांचं नाव ठेवायच्या रिवाजामुळे एकाच घरात तीन राणोजी निघतात. ते वेगळे करायला 'बिन'च लागतं.

तारखा मात्र रडवतात. पानपताची लढाई धरून त्या शिका, विसरणार नाही. 14 जानेवारी 1761 म्हणजे शके 1682, पौष शुद्ध अष्टमी. शकात 78 मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79. फसली, म्हणजे महसुली, सन तेव्हा 1170. आणि जुन्या मराठी कागदांत येणारा सुहूर सन अरबी शब्दांत, उलट्या क्रमाने: इहिदे सितैन मया व अलफ. एक, साठ, शंभर, हजार. झाले 1161. जानेवारीतली तारीख म्हणून त्यात 600 मिळवायचे, पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंत 599.

पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दप्तरात, एवढी तयारी झाल्यावरच जा. तिथे कागद रुमालांत बांधलेले असतात आणि 'आमचे पूर्वज कोण' असा रुमाल नसतो. गाव, परगणा, वतन किंवा इनाम, आणि अंदाजे साल सांगता यायला हवं. इंग्रजांच्या काळात इनामांचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनपुढे वतनदारांनी मांडलेल्या कैफियतींत, म्हणजे लेखी निवेदनांत, वंशावळी मिळतात, आणि त्या हाती लागल्या की हरखून जायला होतं. जरा दमाने घ्या. जमीन वाचवायला लिहिलेली वंशावळ आहे ती. आपल्याला नडणारा चुलता माणूस सोयीने विसरतो.

मला काय सापडलं? आत्याच्या ट्रंकेत व्हिक्टोरिया राणीच्या छापाचा एक स्टॅम्प कागद होता, मोडीत. बक्षीसपत्र निघालं. माझ्या खापरपणजीच्या बापाने, मुलगा नाही म्हणून, लेक आणि जावयाच्या नावे जमीन केलेली. म्हणजे आम्ही या गावचे जाधवच नव्हतो. खापरपणजोबा घरजावई होऊन आले होते. त्र्यंबकच्या वहीत शके 1794ची, म्हणजे 1872च्या सुमाराची, त्यांची नोंद मिळाली, आणि त्यात मूळ गाव माण तालुक्यातलं, शिवाय बाप आणि आजा. माझ्यापासून मोजली तर सात नावं पक्की. त्याच्या वर कोरं, आणि माझ्या वहीत ते कोरंच आहे.

दादाला हे सांगितलं तर तो आठवडाभर बोलला नाही. घरजावई हा शब्द त्याला लागला. मी त्याला एवढंच विचारलं, की लखुजीराजांशी नातं सांगायची सगळ्यांना एवढी हौस का? जिजाऊंमुळेच ना? मग तुझ्या झाडावर जिजाऊ सोडून एकही लेक नाही, असं कसं? मीसुद्धा नाही.

गेल्या दिवाळीला गेले तर ओसरीत रंगाचा डबा उघडा होता. लखुजीराजे जागेवर होते, पण खापरपणजोबांच्या शेजारी पेन्सिलीने एक नाव लिहिलेलं होतं, 'कोम' सकट. रंग अजून भरलेला नाही.

जानेवारीत आम्ही दोघं माणला जाणार आहोत. तिथल्या जाधवांना 'तुम्ही लखुजीराजांचे का' असं विचारायचं नाही, हे गाडीत बसायच्या आधीच ठरलंय. विचारायचं एवढंच, की तुमच्यातला कोणी कराडकडे घरजावई म्हणून गेल्याचं कोणाच्या ऐकण्यात आहे का.