जुन्या शिलाई मशीनला दुसरे फूट कंट्रोल जोडताना या चुका टाळा

विजेवरचे जुने शिलाई मशीन उत्तम स्थितीत हाती येते, पण त्याचे फूट कंट्रोल, म्हणजे पायाने दाबून वेग कमी-जास्त करायचे पेडल, मात्र पुष्कळदा हरवलेले असते. अशा वेळी मशीनच्या सॉकेटमध्ये बसणारा प्लग मिळाला की काम झाले, असे समजणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. प्लगचा आकार सारखा असला तरी पिनांची आतली जोडणी वेगळी असू शकते.

तीन पिनांच्या बहुतेक मशिनांत एक पिन मशीनवरचा दिवा आणि मोटर यांची सामाईक असते, दुसरी फक्त दिव्याची आणि तिसरी फक्त मोटरची असते. मुख्य वीजपुरवठा सामाईक पिनेला आणि दिव्याच्या पिनेला येतो, तर फूट कंट्रोल दिव्याची पिन आणि मोटरची पिन यांच्यामध्ये, म्हणजे मोटरशी एकसर जोडणीत असते. दिव्याच्या आणि मोटरच्या पिनांची अदलाबदल झाली, तर प्लग लावताच मोटर पूर्ण वेगाने धावू लागते आणि पाय दाबला की दिवा कमी-जास्त होतो. हे लक्षण दिसल्यास कंट्रोल सदोष आहे असे समजून ते फेकून देऊ नये. चूक वायरिंगची असते.

कोणती पिन कशाची, हे अंदाजाने ठरवू नये. भिंतीवरचा प्लग काढून, मशीनमध्ये फिलामेंटचा जुना दिवा बसवून आणि त्याचे बटण चालू ठेवून मल्टिमीटरने (विजेची मोजमापे घेणाऱ्या उपकरणाने) पिनांच्या तिन्ही जोड्यांमधला रोध मोजावा. ज्या जोडीत सर्वांत जास्त रोध दिसतो, तिथे दिवा आणि मोटर यांची बेरीज मोजली जाते. म्हणून उरलेली पिन सामाईक असते. मग सामाईक पिनेशी जोडी लावून मोजताना हाताने चाक फिरवावे. ज्या जोडीचा आकडा चाकाबरोबर हलतो, ती मोटरची. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि ते टाळण्याचे एकही चांगले कारण मला सुचत नाही.

दुसरी चूक मोटरवरची माहितीची पट्टी न वाचण्याची. तिच्यावर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. कंट्रोल त्याच व्होल्टेजचे आणि निदान तेवढी विद्युतधारा पेलणारे हवे. ११० व्होल्टची मोटर २२० व्होल्टवर लावली तर तिच्यात सुमारे चौपट शक्ती जाते आणि ती जळते. तेव्हा मोटरच्या क्षमतेहून मोठा, व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर वापरावा.

नव्या इलेक्ट्रॉनिक मशिनांच्या पेडलमधून बहुधा फक्त कमी व्होल्टेजचा संकेत जातो, मोटरची वीज नव्हे. असे पेडल जुन्या मोटरला थेट जोडणे धोक्याचे आहे. पंख्याचा रेग्युलेटर लावण्याचा जुगाडही करू नये. तो मोटर फिरवेल, परंतु पाय उचलताच ती थांबणार नाही आणि सुईजवळ बोटे असताना हाच फरक निर्णायक ठरतो.

मूळ धाटणीचे जुने कंट्रोल मिळाले, तर त्यात बहुधा कार्बनच्या चकत्यांची चळत असते. पाय दाबला की चकत्या एकमेकींवर घट्ट बसतात, रोध घटतो आणि वेग वाढतो. चकत्या फुटलेल्या असतील, तर मशीन अर्ध्या दाबाला गप्प राहते आणि शेवटी एकदम उसळी घेते. याउलट पाय न लावताही मोटर हळूहळू फिरत असेल, तर चळत जास्त आवळलेली असते किंवा आतला कपॅसिटर बिघडलेला असतो. हळू शिवताना कंट्रोल कोमट होणे स्वाभाविक आहे, मात्र हात ठेववणार नाही इतके तापणे स्वाभाविक नाही. अशा कंट्रोलची वायर कडक किंवा तडकलेली असेल, तर चिकटपट्टी न गुंडाळता ती पूर्णच बदलावी.

नवे कंट्रोल लावल्यावर मोटर नुसतीच गुणगुणत असेल, तर लगेच पाय उचलावा, कारण अडकलेली मोटर झपाट्याने तापते. पुष्कळदा दोष कंट्रोलचा नसून मशीनमध्ये वाळून चिकटलेल्या तेलाचा असतो. प्लग काढून हाताने चाक फिरवून पाहावे. ते जड वाटल्यास आधी स्वच्छता आणि तेल, मगच पुढची चाचणी. तरीही शंका उरल्यास बेल्ट काढून मोटर एकटी, क्षणभरच चालवून पाहावी.

आणि शिवण संपवून उठताना प्रत्येक वेळी प्लग काढावा. जमिनीवरच्या कंट्रोलवर एखादी पिशवी सरकून बसली आणि मशीन कापडात अडकून थांबले, तर मोटर आणि कंट्रोल दोन्ही कोणाच्याही नकळत तापत राहतात.