पाश्चात्य शास्त्रीय संगीताचं नोटेशन ऑनलाइन शोधताना

गुगलमध्ये ‘विवाल्डी ए मायनर कन्चर्टो पीडीएफ’ टाकलं की काही ठिकाणी पैसे मागतात आणि काही ठिकाणी कुणीतरी ऐकून-ऐकून टाइप केलेलं, चुकांनी भरलेलं काहीतरी हाती येतं. मुळात शोधच चुकलेला असतो. विवाल्डीने व्हायोलिनसाठी ए मायनरमध्ये एकाहून जास्त कन्चर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) लिहिले आहेत. विद्यार्थ्यांना बहुतेक वेळा जो हवा असतो तो आरव्ही ३५६ (विवाल्डीच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक), म्हणजे १७११ साली ॲमस्टरडॅमला छापलेल्या ओपस ३ या संचातला सहावा.

तेव्हा आधी सूचीक्रमांक काढा. विवाल्डीसाठी आरव्ही, बाखसाठी बीडब्ल्यूव्ही, मोझार्टसाठी के, शूबर्टसाठी डी, हायडनसाठी हॉब. बेथोव्हेन, शोपँ वगैरेंचं काम ओपसवर, म्हणजे प्रकाशनाच्या क्रमांकावर भागतं. बेथोव्हेनचा ‘मूनलाइट’ सोनाटा म्हणजे ओपस २७ क्रमांक २. संगीतकाराच्या नावावरही डोळे मिटून विसंबू नका. पियानोच्या पहिल्या वर्षात ‘बाखचा’ म्हणून वाजवला जाणारा जी मेजर मिन्युएट ख्रिस्तियान पेत्सोल्डचा आहे. बाखच्या सूचीत तो परिशिष्टात, ११४ क्रमांकावर सापडतो.

क्रमांक मिळाला की सरळ आयएमएसएलपी ही वेबसाइट गाठा. २००६ साली सुरू झालेलं हे पेत्रुच्ची ग्रंथालय मुख्यतः कॉपीराइट संपलेल्या छापील प्रतींच्या स्कॅनचं भांडार आहे. सदस्य नसाल तर डाउनलोडआधी काही सेकंद थांबावं लागतं, एवढंच. रचनेच्या पानावर टॅब नीट पाहा. ‘फुल स्कोअर’मध्ये सगळी वाद्यं एकाखाली एक असतात, त्यामुळे स्टँडवर ठेवून वाजवायला तो निरुपयोगी. आपल्या वाद्याची ओळ ‘पार्ट्स’मध्ये मिळते, आणि पियानोच्या साथीची रूपं ‘अरेंजमेंट्स’खाली.

इथेच आरव्ही ३५६ पुन्हा फसवतो. व्हायोलिन शिकवायच्या सुझुकी पद्धतीच्या चौथ्या पुस्तकातला कन्चर्टो तिवादार नाचेझ या व्हायोलिनवादकाच्या संपादित रूपावर बेतलेला आहे. विवाल्डीचा मूळ पार्ट घेऊन क्लासला गेलात तर बोइंग (गज कुठे कसा ओढायचा ते) जुळणार नाही, काही ठिकाणी स्वरही वेगळे निघतील. म्हणून शिक्षकांना रचनेच्या नावाबरोबर संपादकाचं नावही विचारा. परीक्षेसाठी हवं असेल तर अभ्यासक्रमात विशिष्ट अरेंजमेंट दिली आहे का, तेही तपासून घ्या.

एकाच रचनेच्या पाच-सात प्रती दिसल्या तर सगळ्यात वरची उचलू नका. एकोणिसाव्या शतकातले संपादक हात सैल सोडून खुणा भरत. चेर्नीने संपादित केलेल्या बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर’मधल्या वेगाच्या आणि लहान-मोठ्या आवाजाच्या खुणा बाखच्या नाहीत. तुलनेसाठी बाख-गेझेलशाफ्टची (बाखच्या जुन्या समग्र आवृत्तीची) प्रत घ्या, ती बरीच स्वच्छ आहे. मोझार्टसाठी साल्झबुर्गच्या मोझार्टेउम संस्थेने नवी समग्र आवृत्ती ऑनलाइन मोफत ठेवली आहे. बेथोव्हेनच्या ‘फ्युर एलिझे’ची मूळ हस्तलिखित प्रत हरवलेली आहे, सातव्या बारमध्ये उजव्या हाताचा दुसरा स्वर काही प्रतींत ई, तर काहींत डी मिळतो. असं दिसलं की ती छपाईची चूकच असेल, असं धरून चालू नका.

जर्मन प्रतींत बी म्हणजे बी फ्लॅट, आणि बी नॅचरलला एच म्हणतात. ‘बी-डूर’ म्हणजे बी फ्लॅट मेजर, ‘हा-मोल’ म्हणजे बी मायनर. क्लॅरिनेटवाल्यांनी पार्ट बी फ्लॅट क्लॅरिनेटचा आहे की ए क्लॅरिनेटचा, हे डाउनलोडआधीच वाचावं.

कॉपीराइटचा हिशेब आपला आपण करायचा. फाइलजवळच्या खुणा कॅनडा, अमेरिका, युरोपच्या कायद्यांप्रमाणे असतात. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. बार्तोक (मृत्यू १९४५) मोकळा आहे, सिबेलिउस (१९५७) २०१८ पासून मोकळा झाला. शोस्ताकोविच २०३५ च्या अखेरपर्यंत बांधलेला आहे आणि परीक्षांत हमखास येणारा काबालेव्हस्की २०४७ पर्यंत. अरेंजरचा हक्क वेगळा मोजायचा.

चर्चच्या कॉयरसाठी सीपीडीएल ही साइट पाहा, तिथे कोरल (समूहगायनाचं) संगीत भरपूर आहे. म्युटोपिया या साइटवर संग्रह लहान, पण नव्याने टाइप केलेला, त्यामुळे अक्षर सुबक. म्युझस्कोअरवरच्या फाइली लोकांनी स्वतः केलेल्या असतात. स्केल बदलायला सोयीच्या, पण छापील प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नका.

छापताना ‘फिट टू पेज’ निवडा. जुन्या प्रती ए-फोरपेक्षा मोठ्या असत, आणि अमेरिकन लेटर आकार ए-फोरपेक्षा ६ मिलिमीटरने रुंद असतो. ‘ॲक्चुअल साइझ’वर छापलं तर कडेचे स्वर कापले जाण्याची भीती असते. पिवळट स्कॅन ग्रेस्केलमध्ये छापला तर पानभर राखाडी पडदा येतो आणि लेजर लाइन्स (पाच ओळींच्या वर-खालच्या छोट्या रेघा) दिसेनाशा होतात. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये निव्वळ काळं-पांढरं ठेवा, एकाच बाजूला छापा आणि तीन पानं शेजारी-शेजारी चिकटवा, म्हणजे पान उलटायला वाजवता हात सोडावा लागणार नाही.